गालिच्यावरील फणी आणि चैत्रांगणांतील फणी

गेल्या चैत्रांतील गोष्ट आहे. पुण्यास चित्रकलेचें शिक्षण घेणारी आमची नात चार दिवसांच्या सुटींत दापोलीस आली होती. तिच्या सामानांत कपड्यांपेक्षां कागदांचीं भेंडोळींच अधिक. दुपारीं जेवणें आटोपल्यावर तिनें तीं ओटीवर पसरलीं. तांबडा, निळा, काळा, मधूनच केशरी असे ठसठशीत रंग. आणि चित्रांत ना मनुष्य, ना झाड, ना डोंगर. नुसते कोन, पायऱ्या, आंकडे व दांतेरी पट्टे. मी आयुष्यभर व्याकरण आणि रघुवंश शिकविणारा मनुष्य. असल्या चित्रांपुढें माझी गत मुक्यासारखी होते. "हें कशाचें चित्र, बाळ?" असें विचारतां ती म्हणाली, "आजोबा, तुर्कस्तानांतल्या बायका घरीं एक प्रकारची सतरंजी विणतात. तिला किलीम म्हणतात. त्या किलिमावरच्या आकृत्या घेऊन मी हीं चित्रें काढलीं आहेत."

इतक्यांत आमची सौभाग्यवती आंब्याच्या डाळीची वाटी घेऊन बाहेर आली. तिनें चष्मा लावला नव्हता. तरीही एका चित्राच्या कोपऱ्याकडे बोट दाखवून ती पटकन म्हणाली, "अग, ही तर फणी! चैत्रांगणांतली. पण हिचे दांत एवढे लांब कशाला ओढलेस?"

नात क्षणभर तिच्याकडे पाहतच राहिली. त्या आकृतीला तुर्की भाषेंत 'ताराक' म्हणतात, आणि ताराक म्हणजे फणीच. तिला तें पुस्तक वाचून कळलें होतें. आजीला न वाचतां कळलें.

या एका फणीनें त्या दिवशीं आमच्या घरांत जें बोलणें निघालें, त्यांतील कांहीं भाग वाचकांपुढें, विशेषतः वाचक भगिनींपुढें, ठेवावा असें वाटतें.

प्रथम किलीम म्हणजे काय तें सांगितलें पाहिजे. गालिच्यांत उभ्या धाग्यांवर लोकरीची एकेक गांठ मारून वर लव ठेवतात. किलिमांत गांठ नाहीं व लवही नाहीं. नुसतें उभ्याआडव्या धाग्यांचें विणकाम. ज्या रंगाची आकृति, त्या रंगाचा आडवा धागा त्या आकृतीच्या हद्दीपर्यंतच जातो आणि तेथून परत फिरतो. शेजारचा रंगही आपल्या हद्दीवरून तसाच मागें वळतो. त्यामुळें दोन रंगांची सीमा सरळ उभी असली कीं तेथें फट राहते. फट लांब झाली तर कापड दुबळें व्हावयाचें. म्हणून विणणारी स्त्री लांब उभी रेघ टाळते आणि दोन धागे पुढें, पुन्हां दोन धागे पुढें, अशी पायरीपायरीनें सीमा तिरकी नेते. किलिमावरील त्या साऱ्या कोनांचा, पायऱ्यांचा व दांतेरी कडांचा उगम येथें आहे. मनांत आलें म्हणून कोणी त्या आकृत्या तशा काढल्या नाहींत. धाग्यानें त्या तशा काढावयास लाविल्या. आपल्याकडे येवल्याची पैठणी ज्यांनीं बारकाईनें पाहिली असेल त्यांना हें लगेच उमजेल. पदरावरील पोपटाची चोंचसुद्धां जवळून पाहिली तर पायऱ्यांचीच असते, कारण तेथेंही प्रत्येक रंगाचा धागा निराळा चालवावा लागतो. फरक इतकाच कीं पैठणीचा विणकर शेजारच्या दोन रंगांचे धागे एकमेकांत अडकवितो, म्हणून फट राहत नाहीं.

हें ध्यानांत घेतलें म्हणजे आमच्या घरांतून आलेली ती हरकत किती नेमकी होती तें दिसेल. किलिमावरील फणीचे दांत आंखूडच असावयाचे, कारण दांत म्हणजे उभी रेघ आणि उभी रेघ म्हणजे फट. नातीच्या कुंचल्याला ही अडचण नव्हती. कुंचला वाटेल तितका लांब दांत ओढूं शकतो. तेव्हां त्यानें तो ओढला. ज्या हातानें कधीं किलीम पाहिलें नाहीं त्या हाताला मात्र तो दांत खटकला.

फणीच कशाला? किलिमावरील इतर आकृत्यांचीं नांवें ऐकलीं म्हणजे एखाद्या गृहिणीच्या घरांतून फिरून आल्यासारखें वाटतें. कानांतलें कर्णभूषण, लग्नाच्या कपड्यांची पेटी, केंस बांधण्याची फीत, वाहतें पाणी, पक्षी, झाड, हात, दृष्ट लागूं नये म्हणून डोळा, विंचू चावूं नये म्हणून विंचू, आणि मेंढ्याचें शिंग. एका आकृतीचें नांव तर 'एलिबेलिंदे'. म्हणजे कमरेवर हात ठेवून उभी असलेली बाई. अनातोलियांतील खेड्यांत व मेंढपाळ टोळ्यांत मुलगी लहानपणींच आईजवळ बसून विणावयास शिके आणि लग्नांत आपल्या हातचीं विणकामें सासरीं नेई. तेथील डोक्याच्या रुमालाला सुईनें विणलेली बारीक झालर लावतात, तिला 'ओया' म्हणतात. आणि सुनेनें मिरचीच्या आकाराची ओया लावली तर ती नवऱ्यावर रागावली आहे असें समजावें, असें तिकडे सांगतात. आपल्याकडे हें काम उखाण्यांवर भागत असे.

कोणी विचारील कीं फणी तिकडून इकडे आली कीं इकडून तिकडे गेली? माझ्या मतें ती कोठूनच कोठें गेली नाहीं. जेथें बाई आहे तेथें केंस आहेत, आणि केंस तेथें फणी. पण कांहीं गोष्टींनीं प्रवास केला आहे हें खरें, आणि त्यांतील एकीनें माझ्यासारख्या संस्कृतच्या मास्तराला थक्क केलें. इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यांत उस्मानी सुलतानांचे जे रेशमी अंगरखे जपून ठेविले आहेत, त्यांपैकीं कित्येकांवर तीन वर्तुळें व त्यांखालीं लाटांसारखे दोन पट्टे अशी आकृति आहे. वाघाचे पट्टे व चित्त्याचे ठिपके तिच्यांत आहेत असें म्हणतात. आजचे तुर्की कलापंडित या आकृतीला कोणत्या नांवानें ओळखतात? 'चिंतामणि'! बौद्ध चित्रांतील इच्छित फल देणाऱ्या रत्नांचा तो आकार मध्य आशियांतून फिरत पश्चिमेकडे गेला असें मानून पंडितांनीं त्याला हें नांव दिलें. अमरकोश घोकणाऱ्या दापोलीच्या माणसाला तुर्की सुलतानाच्या अंगरख्यावर आपल्या ओळखीचा शब्द भेटावा, ही मौज नव्हे काय?

शिवाय तुर्कस्तान आपणांस वाटतें तितकें परकें नाहीं. आमच्याच तालुक्यांतील दाभोळ हें बहामनी व आदिलशाही काळीं पश्चिम किनाऱ्यावरचें मोठें बंदर होतें. अफनासी निकितिन हा रशियन प्रवासी पंधराव्या शतकांत परतीच्या वाटेला लागला तो दाभोळाहूनच. एडन, होर्मुझ व मक्केकडे जाणारीं जहाजें येथून कापड नेत आणि अरबस्तानांतले घोडे येथें उतरवीत. १५०८ सालीं पोर्तुगीजांच्या आल्मेइदानें हें बंदर लुटलें व जाळलें. विजापूरचा मूळपुरुष यूसुफ आदिलशहा हा उस्मानी सुलतान मुराद याचा मुलगा होता, अशी कथा फिरिश्त्यानें नमूद केली आहे. कथा खरी धरा वा खोटी. पण दाभोळच्या धन्याला आपलें घराणें तुर्की म्हणवून घेण्यांत भूषण वाटत होतें, एवढें तींतून दिसतेंच. आपण रोज हातांत घेतों ती कैचीसुद्धां शब्दानें तुर्कीच आहे.

हें विषयांतर झालें. फणीकडे परत येऊं.

चैत्र शुद्ध तृतीयेस गौर बसते आणि अक्षय्यतृतीयेस ती उठते, तोंपर्यंतचा महिना अंगणांत तुळशीपुढें सारवून जें चित्र काढतात तें चैत्रांगण. मध्यें झोपाळ्यांत गौर. भोंवतीं सूर्य, चंद्र, शंख, चक्र, स्वस्तिक, गोपद्में, लक्ष्मीचीं पावलें, कासव, नाग, मोर, हत्ती व अंबारी. आणि त्यांच्याच पंक्तीला, कोणत्याही संकोचाशिवाय, आरसा, फणी, करंडा, पंखा, पाळणा. घराघरांत चिन्हांची संख्या व मांडणी निरनिराळी. नातीनें आजीला विचारलें, "आजी, फणीचा अर्थ काय ग? ही कशाची खूण?" तिला पुस्तकांतल्यासारखें कांहीं तरी गूढ उत्तर हवें होतें. आजी म्हणाली, "अर्थ कसला? गौर माहेरीं आली आहे. माहेरीं आलेली मुलगी आधीं काय करते? पाय धुते आणि वेणीफणीला बसते. तिला फणी नको?"

हें उत्तर मला फार मोलाचें वाटलें, आणि त्याचें कारण तुर्कस्तानांतच सांपडतें. कोन्या शहराजवळ चाताल ह्योयूक म्हणून सुमारें नऊ हजार वर्षांपूर्वींच्या वस्तीचें टेंकाड आहे. जेम्स मेलार्ट या इंग्रज पुराणवस्तुसंशोधकानें तेथें १९६१ ते १९६५ पर्यंत उत्खनन केलें व मोठें नांव मिळविलें. पुढें १९८९ सालीं त्यानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं एक ग्रंथ काढून असें प्रतिपादन केलें कीं आजच्या किलिमांवरील आकृत्या त्या प्राचीन भिंतीचित्रांतून अखंड चालत आल्या आहेत आणि ती कमरेवर हात ठेवणारी बाई म्हणजे नवाश्मयुगांतील जगन्माता होय. लोकांना हें फार आवडलें. गालिचे विकणाऱ्यांना तर फारच. पण त्यानें जीं चित्रें छापलीं त्यांचीं ना छायाचित्रें होतीं ना मूळ अवशेष. जाणत्यांनीं तेव्हांच शंका काढल्या, आणि त्याच्या मृत्यूनंतर, २०१८ सालीं, त्याच्या घरांत अशा चित्रांचे हातानें केलेले कच्चे आराखडे सांपडल्याचें जाहीर झालें. एवढ्या मोठ्या विद्वानाला विणणाऱ्या बायकांचें काम तेवढ्यावरच पुरेसें मोठें वाटलें नाहीं. त्याला नऊ हजार वर्षांचा टेंकू द्यावासा वाटला! आपल्याकडेही रांगोळीच्या प्रत्येक ठिपक्यांत वेदांचें रहस्य शोधणारे कांहीं कमी नाहींत. त्यांनीं एकदां घरांतील वडील बायकांना विचारून पाहावें.

शास्त्राचा आधारच हवा असेल तर तो आहे, पण तो साधा आहे. वात्स्यायनानें दिलेल्या चौसष्ट कलांच्या यादींत 'आलेख्य' म्हणजे चित्रकला, 'तण्डुलकुसुमबलिविकार' म्हणजे तांदूळ व फुलें यांची जमिनीवरील रचना, आणि 'सूचीवानकर्म' म्हणजे शिवणटिपण व विणकाम, हीं तिन्ही एकाच यादींत आहेत. बाराव्या शतकांत कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वरानें मानसोल्लासांत चित्राचे प्रकार सांगतांना 'धूलिचित्र' हा एक प्रकार गणला आहे. रंगीत चूर्णानें काढलेलें तें चित्र. म्हणजे रांगोळी ही चित्राची जात आहे हें एका राजानें लिहून ठेविलें होतें. मीं तें वाचलेंही होतें. माझ्याच अंगणांत रोज पहाटें धूलिचित्र निघत होतें आणि मला तो शब्द त्याला लावावा असें कधीं सुचलें नाहीं.

येथें एक कबुली देणें भाग आहे. माझी आई पहाटें उठून चैत्रांगण काढी. दुपारपर्यंत तें आमच्या पायांनीं, कोंबड्यांनीं आणि खाऱ्या वाऱ्यानें पुसलें जाई. मॅट्रिकच्या वर्षीं मीं शहाणपणानें तिला म्हटलें, "रोज पुसायचें तें रोज काढायचें कशाला? एकदां तैलरंगानें दगडावर काढून ठेव." ती म्हणाली, "मग उद्यां सकाळीं मी काय करूं?" मला तें उत्तर अडाणीपणाचें वाटलें. पुढें मी मास्तर झालों. चित्रकलेच्या एलिमेंटरी व इंटरमीजिएट परीक्षांचे अर्ज माझ्याच हातून जात. पण एखाद्या मुलीच्या संस्कृतच्या वहीच्या कडेला रांगोळीचे ठिपके व रेघा दिसल्या तर मी तिला बोल लावीत असें. किती मुलींना लाविला असेल त्याची गणती नाहीं.

नातीनें त्या दुपारीं मला एक विलक्षण गोष्ट दाखविली. धाकट्या हान्स होल्बाइनचें 'राजदूत' हें १५३३ सालचें चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरींत आहे. दोन भारी पोषाखांतले पुरुष उभे आहेत आणि त्यांच्यामध्यें असलेल्या मेजावर एक तुर्की गालिचा अंथरला आहे. त्या काळच्या युरोपांत असा गालिचा सहसा पायाखालीं घालीत नसत; तो मेजावर मिरवावयाचा. होल्बाइननें त्याची गांठ न गांठ काढावी तसा तो रंगविला आहे. आणि आज जगभरचे पंडित त्या जातीच्या गालिच्यांना काय म्हणतात? होल्बाइन गालिचे. दुसऱ्या एका जातीला लोट्टो गालिचे, तिसरीला बेलिनी, चवथीला मेमलिंग. ज्यांनीं विणले त्यांचीं नांवें गेलीं. ज्यांनीं त्यांचें चित्र काढलें त्यांचीं नांवें त्या गालिच्यांना चिकटलीं! व्याकरणांत कर्त्याचा लोप होतो हें मीं चाळीस वर्षें शिकविलें, पण लोपाचें याहून मोठें उदाहरण माझ्या पाहण्यांत नाहीं.

तुर्कस्तानांत या चुकीचें थोडें परिमार्जन एका चित्रकारानें केलें. त्याचें नांव बेद्री राहमी एयुबोग्लू (१९११–१९७५). इस्तंबूलच्या कलाशाळेंत शिकून तो पॅरिसला आंद्रे ल्होत याच्याकडे गेला. त्याची पत्नी एरेन ही रुमानियांत जन्मलेली, स्वतः चांगली चित्रकार. १९३८ सालापासून तेथील सत्तारूढ पक्षानें चित्रकारांना दूरदूरच्या प्रांतांत पाठविण्याचा उपक्रम केला, त्यांत बेद्री राहमीही होता. शहरांत बसून फ्रेंच चित्रांची नक्कल करणाऱ्या त्या पिढीला खेड्यांतले किलीम, खोगिराच्या पिशव्या, लोकरीचे मोजे व छापील रुमाल तेथें दिसले. बेद्री राहमीनें त्या आकृत्या आपल्या चित्रांत आणल्या, स्वतः कापडावर ठशांनीं छपाई केली, आणि ब्रुसेल्सच्या १९५८ च्या जागतिक प्रदर्शनासाठीं रंगीत तुकडे जडवून प्रचंड भिंतचित्र उभें केलें. तो कवीही होता, आणि आपली विद्या खेड्यांतील बायकांच्या हातांतून आली आहे हें तो उघडपणें मानी. परंतु त्याच्या चित्रांखालीं सही त्याचीच आहे. त्याला दुसरा उपायही नव्हता.

आपल्याकडे वारली चित्रांचें थोडें असेंच झालें. लग्नाच्या वेळीं झोंपडीच्या कुडावर तांदुळाच्या पिठानें चौक काढावा, त्यांत पालघाट देवी बसवावी, हें काम वारली सुवासिनींचें. १९७० नंतर भास्कर कुलकर्णी यांनीं डहाणूकडच्या पाड्यांत कागद नेले, आणि गंजाडच्या जिव्या सोमा मशे (१९३४–२०१८) यांनीं त्या चित्रांना जगांत नेलें. २०११ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली. मशे यांची योग्यता मोठी; त्यांची रेघ जिवंत होती. पण कुडावरून कागदावर येतांना तें काम बहुतांशीं बायकांच्या हातून पुरुषांच्या हातीं आलें, हेंही खरेंच आहे.

आतां आमच्या घरचें सांगतों. गेलीं दोन वर्षें सौभाग्यवतीच्या बोटांना संधिवातानें धरलें आहे. चिमटींतून रांगोळी सोडणें जमत नाहीं, म्हणून बाजारांतून चैत्रांगणाचा छापील कागद आणून तो तुळशीपुढें चिकटविला होता. रंग झगझगीत, आकृत्या रेखीव, फणीचे दांत अगदीं यंत्रांतून काढल्यासारखे सारखे. मीही "बरें झालें, श्रम वांचले" असें म्हणालों होतों.

दुसऱ्या दिवशीं पहाटें खडखड ऐकूं आली म्हणून बाहेर येऊन पाहतों तों तो छापील कागद काढून गुंडाळून ठेविला होता, सारवलेलें अंगण ओलेंच होतें, आणि सौभाग्यवती पाटावर बसून, उजव्या हाताला डाव्या हाताचा आधार देत, गौरीचा झोपाळा काढीत होती. नात शेजारीं कागद घेऊन बसली होती. मधून मधून रेघ तुटे. ती थांबे, बोटें चोळी, पुन्हां चिमूट भरी. मी कांहीं बोललों नाहीं. "अहो, तेथें उभे राहूं नका, सावली पडते," एवढेंच तिचें माझ्याशीं बोलणें झालें.

फणी काढावयाची वेळ आली तेव्हां नातीनें विचारलें, "आजी, दांत किती?"

"एका चिमटींत होतील तेवढे. मध्यें चिमूट भरायची नाहीं. सासूबाईंचे अकरा होत. माझे नऊच होतात." त्या दिवशीं सात झाले. सातवा फिका.

नातीनें तें सारें कागदावर उतरून घेतलें, तुटलेल्या रेघासुद्धां. तिच्या मोठ्या चित्रांत आतां किलिमावरची आंखूड दांतांची फणी आणि ही सात दांतांची फणी शेजारीं शेजारीं आहेत. पुण्यास परत जाण्याच्या आदल्या रात्रीं तिनें त्या कागदाच्या मागें नांवें लिहावयास घेतलीं: हें चैत्रांगण कोणाकडून कोणाकडे आलें त्यांचीं. प्रथम आजीचें नांव लिहिलें, माहेरचें व सासरचें. मग माझ्या आईचें. माझी आई तें कोणाकडून शिकली? तिच्या सासूकडून, म्हणजे माझ्या आजीकडून; तेंही नांव मला आठवलें. "आणि त्यांच्या सासूबाई?" नातीनें विचारलें.

मला सांगतां येईना. कपाटांतून आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत काढला. पणजोबांच्या नांवाखालीं त्यांचें गांव, त्यांचें याज्ञिकाचें ज्ञान, त्यांनीं लावलेली आमराई, चार मुलगे, सारें आहे. पत्नीच्या पुढें एक आडवी रेघ आहे.

नातीनें कागदावर चवथी ओळ तशीच मोकळी ठेविली आहे.